गावंडे मास्तर आणि टेपा

गावंडे मास्तरांना खोटं बोलता येत नसे. हे मी कौतुकानं सांगतोय असा कुणाचा समज झाला असेल, तर तो आधी काढून टाका. असल्या माणसाबरोबर एका शाळेत, टेबलाला टेबल लावून काही वर्षं काढून पाहा, मग बोलू. अकोल्याच्या आमच्या हायस्कुलात ते शास्त्र शिकवायचे आणि मी संस्कृत. मी अमरावतीचा, भिक्षुकाच्या घरातला. ते तेल्हाऱ्याकडच्या कास्तकाराचे चिरंजीव. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. 'शास्त्रीबुवा' म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

उंच, हाडकुळा माणूस. अंगात बारमाही एकच काळा कोट. त्याच्या खिशांत लोहचुंबकाचा तुकडा, वाळलेला भुंगा, तुटकी काचनळी असलं काहीबाही कायम खुळखुळत असे. स्टाफरूममध्ये कुणी बातमी सांगायला तोंड उघडलं, की यांचा प्रश्न ठरलेला. "डोळ्यानं पाह्यलं का?" मूर्तिजापूरला गारा पडल्या म्हणा, अमक्याच्या मुलाचं लग्न ठरलं म्हणा, "डोळ्यानं पाह्यलं का?" नाही म्हटलं की हात झटकायचे. "मंग बोलू नका ना बाप्पा." गप्पांचा सगळा विचका व्हायचा. दोन घटका निवांत बसून वावड्या उठवायच्या नाहीत, तर मास्तरकी करायची तरी कशाला?

शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत धूळ सोडून काही नव्हतं. हेडमास्तरांनी दुसऱ्या शाळेतून तराजू, चंचुपात्रं, हाडांचा एक सांगाडा असं सगळं उसनं आणून मांडलं आणि आम्हाला तंबी दिली, की विचारलं तर शाळेचंच म्हणून सांगायचं. इन्स्पेक्टर खूश झाले. सांगाड्यापाशी थबकून म्हणाले, "छान ठेवलाय हो तुम्ही!"

"तो आमचा नाही साहेब," गावंडे शांतपणे म्हणाले. "मागून आणला. उद्या वापस जाते."

त्या वर्षीचं अनुदान अडकलं. हेडमास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांनी गावंड्यांशी बोलणं टाकलं. त्यांना त्याचं काही नव्हतं. डबा उघडून एकटे जेवत बसायचे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडलं असतं. पण आमच्या ड्रॉइंग मास्तरांचे वडील वारले, तेव्हा मी त्यांच्या दाराशी उभा होतो. भेटायला येणारा जो तो म्हणत होता, झोपेत गेले, सुटले, भाग्यवान. रडणाऱ्या ड्रॉइंग मास्तरांनी गावंड्यांचा हात धरला. म्हणाले, "मास्तर, तुम्ही शेवटी जवळ होता ना? त्रास नाही ना झाला बाबांना?" गावंडे म्हणाले, "झाला. लय झाला. म्या पाह्यलं." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. रस्त्यात त्यांना थांबवून मी वाट्टेल ते बोललो. ते ऐकून घेऊन म्हणाले, "त्यानं मले इचारलं, शास्त्रीबुवा. तुमाले इचारलं असतं तर तुमी सांगतलं असतं दुसरं." आणि चालू लागले. असा माणूस.

त्यांच्या बायकोचं नाव सुभद्राबाई. मी वहिनी म्हणायचो. रिद्धपूरजवळच्या महानुभाव घरातली बाई. बुटकी, गोरटेली, बोलायला मऊ पण आतून खडक. जीवहत्या नाही म्हणजे नाही. ढेकूण झाले तरी खाट उन्हात टाकायची आणि काठीनं हळूहळू बडवून त्यांना 'जा बाप्पा, जा' म्हणायची. दुसरा एक नेम होता, तो माहेराहून आलेला. गोठ्यातल्या जनावरांपुढे चारापाणी पडल्याशिवाय त्यांच्या घरातली बाई ताटावर बसत नसे. अकोल्याला भाड्याच्या दोन खोल्यांत कुठला गोठा? मूलबाळही नव्हतं. दारात येईल त्या गाईला पोळी द्यायची आणि मग जेवायचं, असं काहीतरी भागवून घेत होती बिचारी.

आपलं वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं, त्या सुमाराला टेपा आला. अकोला स्टेशनवर एक बंगाली पार्सलबाबू होते. रजेवरून येताना त्यांनी मुलांना खेळायला म्हणून गावाकडचा एक मासा बरणीत घालून आणला. बोटभर लांब, हिरवट-पिवळा, पाठीवर गडद पट्टे, लालबुंद डोळे. डिवचला की पाणी पिऊन लिंबासारखा टम्म फुगायचा. त्यांच्याकडे त्याला टेपा म्हणतात, आणि विषारी म्हणून खात नाहीत, असं बाबूंनी सांगितलं. लौकरच त्यांची बदली झाली आणि त्यांनी तो मास्तरांना देऊन टाकला.

मास्तरांनी तो घेतला मारण्यासाठी. आमच्या प्रयोगशाळेत एकही नमुना नव्हता. याला औषधात बुडवून काचेच्या बरणीत ठेवायचा, चिठ्ठी डकवायची, असा बेत. शनिवार होता, शाळा सुटलेली. म्हणून तो एका दिवसापुरता घरी गेला. सोमवारी मास्तर रिकाम्या हातानं शाळेत आले.

"मासा?" मी विचारलं.

"तिनं त्याले कणीक खाऊ घातली."

"बरं, मग?"

"मंग काय? ज्याले घास देल्ला त्याले मारता काय, म्हने." त्यांनी टेबलावर पुस्तकं आपटली. "विज्ञानाचं वाटोळं करून राह्यली बाई!"

झालं. टेपा हाच वहिनींचा गोठा झाला. मास्तरांनी लोहाराकडून पत्र्याची चौकट करून तिला चारही बाजूंनी काचा बसवून घेतल्या, आणि ती पेटी पडवीत तिवईवर आली. सकाळी आंघोळ करून वहिनी कणकेच्या बारीक गोळ्या टाकायच्या. टेपा वर येऊन त्यांच्या बोटाला तोंड लावायचा. मास्तर शाळेच्या बागेतून गांडुळं आणून टाकत, तेव्हा वहिनी तोंड फिरवून उभ्या राहत. मास्तरांनी एकदा मोरणा नदीतून गोगलगाई आणल्या होत्या. टेपानं एकीचा शंख कटकन फोडला मात्र, वहिनींनी कानांवर हात ठेवले. "अजी, जित्ता जीव घर फोडून खाऊन राह्यला तो! माह्या घरात हे नाही चालायचं." गोगलगाई नदीत परत गेल्या. पुढची कित्येक वर्षं टेपा कणीक, भात आणि गांडुळांवर जगला. मीही त्याला पाहायला जायचो. सांगायला लाज कसली, मला तो आवडायचा. माणसाकडे टक लावून बघणारा मासा मी तरी दुसरा पाहिला नाही.

मग एका हिवाळ्यात त्याचं खाणं कमी झालं. गोळीपाशी यायचा, तोंड लावायचा, आणि गोळी तशीच खाली पडायची. वहिनी म्हणाल्या, म्हातारा झाला, दात गेले असतील. घरातल्या म्हाताऱ्याचं आपण काय करतो? मऊ करून घालतो. वहिनींनी भात मऊ केला. मग आणखी मऊ. मग दुधात भिजवून कुस्करलेली पोळी, मग नुसती पेज. पाणी गढूळ व्हायचं, मास्तर बदलायचे, आणि टेपा दिवसेंदिवस चपटा होत चालला. पोट आत गेलं, डोकं तेवढं मोठं दिसायला लागलं.

आणि वहिनींनी जेवण सोडलं.

तसं बोलून वगैरे नाही. व्रत नाही, त्रागा नाही. सकाळी टेपानं खाल्लं नाही, की त्या नुसता चहा घेऊन कामाला लागायच्या. संध्याकाळी मास्तर ओरडले की चतकोर भाकरी मोडायच्या आणि निम्मी बाजूला सारायच्या. "जनावर उपाशी आन आपन जेवून राह्यलो, हे मले गिळतच नाही, भाऊजी," असं त्या मला म्हणाल्या. आधीच अंगात रक्त नव्हतं. डॉक्टरांनी तपासून मास्तरांना बाहेर बोलावलं आणि म्हटलं, असंच चाललं तर बाई हातची जाईल. मास्तर पडवीत येऊन उभे राहिले ते पेटीकडेच बघत. त्या माणसाला घाबरलेलं मी तेव्हा प्रथम पाहिलं.

मी सुट्टीत अमरावतीला घरी निघालो, तर मास्तर थैली घेऊन स्टँडवर हजर. मला म्हणाले, "तुमच्या अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा प्रोफेसर असते ना? चला." मी त्यांना घेऊन गेलो. प्राध्यापक भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक जाडजूड पुस्तक काढलं आणि विचारलं, "शंख-शिंपले खायला घालता ना?"

"नाही. मऊ घालतो. म्हातारा झाला तो."

प्राध्यापकांनी पुस्तक मिटलं. या माशाचे दात गेलेले नाहीत, म्हणाले, वाढलेत. उंदरासारखे ते जन्मभर वाढतच राहतात. शंख फोडून फोडून झिजले तरच तोंड उघडतं. तुमच्याकडे झिजायला काही मिळालंच नाही, तेव्हा आता वरचे आणि खालचे दात एकमेकांवर चढून तोंड बंद झालं असणार. कापावे लागतील. आणि कापल्यावर शंखच घालावे लागतील.

परतीच्या मोटारीपर्यंत मी त्यांना पोचवायला गेलो. मोटारीत चढता चढता पायरीवरच थांबले. "आमीच मारून राह्यलो होतो त्याले, शास्त्रीबुवा. मायेनं मारून राह्यलो होतो." मागच्या लोकांनी ढकललं तसे ते आत गेले.

वहिनींना त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं असणार, दुसरं त्यांना येतच नव्हतं. मी अकोल्याला परतलो त्या दिवशी दोघं पडवीतच होती. मास्तरांनी सोनाराकडून तार कापायची बारीक कात्री आणली होती. टेपाला हातात धरून त्यांनी पाण्याबाहेर काढला, आणि तिथेच चूक झाली. पाण्याऐवजी हवा गिळून तो फुगला. कात्री लावायला तोंडच सापडेना. पाण्यात सोडला तर पोट वर करून चेंडूसारखा तरंगायला लागला. वहिनी "मेला, मेला वं माय!" म्हणून मटकन खाली बसल्या. मास्तरांनी बाह्यांसकट हात पाण्यात घातले, त्याचं तोंड वर करून त्याला पाण्याखाली धरला आणि वाट बघत राहिले. कितीतरी वेळानं तोंडातून बुडबुडे सुटले, आणि तो हळूहळू लहान झाला.

"मी धरते," वहिनी उठून म्हणाल्या. "मले वळखते तो."

परातीत पाणी घेतलं. त्यात मलमलीच्या ओल्या फडक्यात गुंडाळून वहिनींनी टेपाला दोन्ही हातांत धरला, तोंड तेवढं फडक्याबाहेर, सगळं पाण्याच्या आत. खरंच, तो फुगला नाही. मास्तरांनी नाक परातीला टेकेल इतकं वाकून कात्री घातली. कट् असा आवाज झाला, मग पुन्हा एक, आणि नखाच्या चिमुकल्या तुकड्यासारखं काहीतरी परातीच्या तळाला गेलं. मास्तर घामानं निथळत होते. सोडल्यावर टेपा पेटीच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

खिशातून मास्तरांनी रुमालाची पुरचुंडी काढली. ओल्या गोगलगाई होत्या. त्यांनी त्या हातात धरून वहिनींकडे पाहिलं, टाकल्या नाहीत. मग वहिनी म्हणाल्या, "टाका. पाप माह्यावर. याच्या दाताचं मले समजलं नाही, ते बी पाप माह्यावरच हाय." त्यांनी रिद्धपूरच्या दिशेला हात जोडले, आणि कान न झाकता तिथेच उभ्या राहिल्या. टेपा कोपऱ्यातून निघाला, पुढे आला, मागे गेला, पुन्हा पुढे आला, आणि शंख फुटला. त्या संध्याकाळी वहिनींनी पोटभर भाकरी खाल्ली. मास्तर मला म्हणाले, "डोळ्यानं पाह्यलं ना शास्त्रीबुवा? सांगा आता कोनालेबी." आणि मोठ्यानं हसले. हसताना ते फार विचित्र दिसत.

त्यानंतर मास्तर मोरणेच्या काठानं धोतर खोचून फिरताना गावाला दिसू लागले. पोरं मागून "गोगलगाय मास्तर" ओरडत. तरीही दात मधूनमधून वाढायचेच, टेपा म्हातारा होताच, आणि दर वेळी परात, मलमल, कात्री असं सगळं पुन्हा करावं लागायचं. धरायच्या वहिनी, कापायचे मास्तर.

पुढे वहिनींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं. नागपूरला दाखवून आणलं. गेलेली नजर येत नाही, एवढं ऐकून दोघं परतली. वहिनी चाचपडत स्वयंपाक करायच्या. टेपानं खाल्लं की नाही, हे आता त्यांना ऐकूनच कळायचं. पेटीजवळ पाटावर बसायच्या, आणि शंख फुटल्याचा आवाज आला की मगच ताट वाढून घ्यायच्या. याच सुमाराला मला अमरावतीला चांगली नोकरी मिळाली आणि मी अकोला सोडलं.

परीक्षेच्या कामासाठी पुन्हा जाणं झालं, तेव्हा वर्ष-दीड वर्ष उलटून गेलं होतं. काम आटोपून मी सकाळीच त्यांच्याकडे गेलो. वहिनी पाटावर बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. आवाजावरून मला ओळखलं. "या भाऊजी. बेस झालं आले. आता जेवूनच जा. टेपाचं होऊन राह्यलं."

मास्तर पेटीपुढे स्टुलावर बसले होते, तोच काळा कोट घालून. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मी पेटीजवळ गेलो. पाणी स्वच्छ होतं. तळाची वाळू दिसत होती, पलीकडची भिंत दिसत होती. आत काही नव्हतं.

मास्तरांनी खिशातून एक रिकामा, वाळलेला शंख काढला, दुसऱ्या खिशातून पक्कड काढली. हात पाण्यात घालून पक्कड दाबली. कट्.

"खाल्लं?" वहिनींनी विचारलं.

"खाल्लं," मास्तर म्हणाले.

वहिनींनी मान कलती करून ऐकलं. "एकच? काल तर चांगले खाल्ले होते. दात तं नाही वाढले पुन्हा?"

"खाऊन राह्यला ना. दम धर जराशी." त्यांनी दुसरा शंख काढला. कट्. पाणी हलत होतं.

"भाऊजी," वहिनी माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "तुमी पाहा बरं. यायचं मी काही खोटं नाही मानत, पन हे रोज पाह्यते, यायले फरक समजत नाही. वाळला काय तो?"

मास्तरांनी मान वर केली नाही. पाण्यातल्या हाताकडे बघत बसले होते. "नाही हो वहिनी," मी म्हणालो, "चांगला आहे. गुबगुबीत आहे."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. चाचपडत उठल्या, तिघांची ताटं वाढली आणि खरोखर जेवल्या, भाकरीवर भाकरी घेऊन, मला आग्रह करकरून. मला एक घासही गोड लागला नाही. मास्तर खाली मान घालून जेवत होते.

निघताना ते फाटकापर्यंत आले. मी हळू आवाजात विचारलं, कधी?

"पोळ्याच्या आंधी. तिले दिसत नाही, तं म्या एकट्यानंच धरला, एकट्यानंच कापला. हात हालला. जबडा तुटला त्याचा." त्यांनी ओला हात कोटाला पुसला. "लय दिस उपाशी राह्यला. म्या पाह्यलं."

"मग सांगून का टाकत नाही, मास्तर? किती दिवस हे असं चालवणार?"

"सांगतो ना," ते म्हणाले. "रोज ठरवतो. सकाळचं जेवन झालं का सांगतो."

"मग?"

त्यांनी घराकडे वळून पाहिलं. आत वहिनी भांडी गोळा करत होत्या, हातानं एकेक चाचपत.

"मंग संध्याकाळचं जेवन राह्यते ना, शास्त्रीबुवा," ते म्हणाले, आणि त्यांनी फाटक लावून घेतलं.